धागा तुटला की माग थांबतो

मराठी माणसाला जपान आवडायला जपानला जावं लागत नाही. टोकियोच्या महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्व्यांच्या हाती पडली आणि १९१६ साली पुण्यात त्यांचं महिला विद्यापीठ उभं राहिलं. तोवर कर्व्यांनी जपानची भूमी पाहिलेलीही नव्हती. पु. ल. देशपांड्यांचं ‘पूर्वरंग’ १९६३ चं, आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून जी बाग केली, तिला नावही पुलंचंच दिलं. या सगळ्या प्रेमाचा सूर साधारण एकच असतो. ते लोक जात्याच शिस्तीचे, आपण जात्याच गबाळे. मीही हाच समज घेऊन २०१४ साली टोकियोला गेलो. काम गोदामांचं होतं: माल कुठल्या फडताळात ठेवायचा, कुठल्या क्रमाने काढायचा, याची संगणकप्रणाली बसवायची. २०२१ च्या अखेरीस परत भिवंडीला आलो तेव्हा ते ‘जात्याच’ पार सुटलेलं होतं.

राहायला एदोगावा या टोकियोच्या पूर्वेकडच्या भागात होतो, निशी-कासाई स्टेशनच्या अलीकडे. हा भाग भारतीयांचा म्हणून ओळखला जातो. जगमोहन चंद्राणी नावाचे चहाचे व्यापारी १९७८ मध्ये जपानला आले आणि पुढे इथे स्थिरावले. २००० च्या आसपास संगणक अभियंत्यांची लाट आली, तेव्हा घर मिळेना म्हणून हवालदिल झालेल्या मुलांना त्यांनी हात दिला. मी तिथे असतानाच, एप्रिल २०१९ मध्ये, महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक याच एदोगावाच्या सभागृहात निवडून आले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या किराणावाल्याने ओळखीच्या गिऱ्हाइकांना चहा पाजला. पुराणिकांना मत देण्याचा हक्क आमच्यापैकी बहुतेकांना नव्हता, पण आनंदाला मतदारयादी लागत नाही.

निशी-कासाईवरून जाणारी तोझाई लाइन ही तेव्हा टोकियोतली सगळ्यात भरलेली गाडी. २०१८ मध्ये किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात तिची सकाळची गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के मोजली गेली. ठाणे-डोंबिवलीच्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो हसेल. फरक आवाजाचा. माझी आत्या पंधरा दिवसांसाठी आली होती, गच्च डब्यात मिनिटभर इकडेतिकडे बघून तिने माझ्या कानात विचारलं, “कोणी गेलंय का रे यांच्यातलं?” मलाही सुरुवातीला ही शांतता जन्मजात वाटे. पुढे एका प्रदर्शनात भुयारी रेल्वेची जुनी पोस्टरं पाहायला मिळाली. १९७४ पासून ती लावत आहेत: जागा अडवून बसू नका, छत्री विसरू नका, धूम्रपानाची वेळ पाळा. फलाटावर सिगारेटी ओढणारे, पाय फाकवून दोन जागा घेणारे लोक असल्याशिवाय असली पोस्टरं कोणी छापत नाही. दोन पिढ्या सांगत राहिल्यावर डबा गप्प झाला, आणि अजूनही दर स्टेशनाला फोनवर बोलू नका असं सांगितलं जातंच.

कचऱ्याचं तर याहून खुलासेवार आहे. नव्या घराच्या किल्लीबरोबर मिळतं ते कचऱ्याचं कॅलेंडर. जळणारा कचरा आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, न जळणारा महिन्यातून दोनदा, बाटल्या-डबे-कागद आणखी वेगळ्या वारी. सकाळी आठच्या आत इमारतीच्या कोपऱ्यावर पिशवी ठेवायची आणि कावळ्यांनी फाडू नये म्हणून तिच्यावर जाळी ओढायची. चुकीच्या दिवशीची पिशवी गाडी उचलत नाही; तिच्यावर एक चिकटपट्टी लावून ती तिथेच सोडते, आणि मग ती पिशवी दिवसभर सगळ्या गल्लीला सांगत राहते की कोणीतरी चुकलंय. आमच्या कोपऱ्यावर वरच्या मजल्यावरच्या एक आजी लक्ष ठेवून असत. वय ऐंशीच्या पुढे, पाठीत वाकलेल्या, हातात लहान झाडू. नवा भाडेकरू आला की त्या कॅलेंडरची एक प्रत घेऊन दार ठोठावत, कमरेतून वाकत, आणि जाताना दारातल्या चपलांकडे एक नजर टाकत. त्यांची ती नजर कचऱ्याच्या गाडीपेक्षा जास्त काम करी.

या आजींच्या तोंडूनच मी पहिल्यांदा कचऱ्याच्या युद्धाबद्दल ऐकलं. त्यांचं तरुणपण शेजारच्या कोतो भागात गेलं होतं. टोकियोचा बहुतेक कचरा तेव्हा कोतोच्या समुद्रात भराव म्हणून टाकत. त्या भरावाच्या बेटाचं नाव युमेनोशिमा, स्वप्नांचं बेट. १९६५ च्या उन्हाळ्यात त्या बेटावरून माश्यांचे थवेच्या थवे वस्तीत शिरले. आजी सांगत, भाताचं भांडं उघडलं की झाकण लगेच बंद करायचं. शेवटी बेटावर आग लावून माश्या मारल्या. १९७१ च्या सप्टेंबरात टोकियोचे राज्यपाल मिनोबे र्‍योकिची यांनी कचऱ्याविरुद्ध युद्ध जाहीर केलं. तरी पश्चिमेकडच्या सुगिनामीतल्या लोकांना आपल्या दारात कचरा जाळण्याचा कारखाना नको होता. १९७३ मध्ये कोतोच्या लोकांनी रस्त्यात उभं राहून सुगिनामीच्या गाड्या परत पाठवल्या: तुमचा कचरा आमच्या दारात का? हे ऐकताना मला भिवंडीचीच कुठली तरी सभा चालल्यासारखं वाटलं. भांडण अनेक वर्षं चाललं, आणि शेवटी सुगिनामीत कारखाना झाला. आज युमेनोशिमावर बाग आहे. शेजारच्या कचरा जाळणाऱ्या कारखान्याच्या उष्णतेवर तिथलं काचघर ऊबदार राहतं, आत केळी-पपई वाढते. रविवारी मी तिथे जात असे, निव्वळ केळीचं पान बघायला.

म्हणजे आपण ज्याला जपानी स्वभाव म्हणतो, त्याचा बराच भाग माझ्या वडिलांच्या तारुण्यात घडलेला आहे. तो भांडून, दंड करून, शाळेतल्या मुलांकडून रोज वर्ग झाडून घेऊन आणि एखाद्या आजीला कोपऱ्यावर उभं करून घडला. त्याची किंमतही कोणीतरी मोजतं. आजींना त्या कामाचे पैसे मिळत नव्हते. त्या आजारी पडल्या तेव्हा आमचा कोपरा पंधरा दिवसांत बिघडला.

घर शोधताना दुसरी बाजू दिसली. २०१६ मध्ये मला जागा बदलायची होती. एका दलालाने माझ्यासमोरच घरमालकाला फोन लावला, माझा पगार, नोकरी, भाषा सगळं सांगितलं, आणि शेवटी ‘गाइकोकुजिन’ म्हणजे परदेशी आहे असं म्हणताच पलीकडचा स्वर बदलला. दलाल माझ्याकडे वळून, अतिशय सभ्यपणे, दिलगिरीने वाकला. अशा सभ्य नकारावर रागावताही येत नाही. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं होतं. मला त्याचा धक्का बसला नाही. नाव आणि आडनाव ऐकून, मटण खाता का विचारून, कुठल्या मोहल्ल्यातले म्हणून घर नाकारणं भिवंडी-ठाण्याच्या माणसाला नवं थोडंच आहे? फक्त आपल्याकडे नकार तोंडावर फेकतात, तिथे तो कागदात गुंडाळून दोन्ही हातांनी देतात.

करोनाच्या साथीत, २०२० च्या एप्रिलपासून काही महिने तो कागदही नव्हता. देशाबाहेर गेलेला जपानी नागरिक परत येऊ शकत होता. वर्षानुवर्षं कर भरणारा परदेशी रहिवासी, व्हिसा असूनही, येऊ शकत नव्हता. आमच्यातले दोघेजण भारतात अडकले. त्यांच्या घराचं भाडं इकडे चालू होतं आणि बायकामुलं आमच्या इमारतीत होती. इतकी वर्षं राहून आपण पाहुणेच, हे त्या उन्हाळ्यात नीट कळलं.

कामाच्या जागेबद्दल मात्र मी आजही जपानच्या बाजूने बोलतो, एक अट घालून. टोकियो खाडीकाठच्या गोदामात पहिल्या आठवड्यात पाहिलेला प्रसंग: फोर्कलिफ्ट चालवणारा पन्नाशीचा गृहस्थ दोन रांगांच्या चौकात थांबला. चौक रिकामा होता. त्याने पांढरा हातमोजा घातलेलं बोट उजवीकडे रोखलं आणि मोठ्याने म्हणाला, “मिगी, योशी!” म्हणजे ‘उजवीकडे, ठीक!’ मग डावीकडे, मग समोर. त्यानंतरच गाडी हलली. आजूबाजूला कोणी नव्हतं, कॅमेराही नव्हता. मला हसू आलं, ते मी दाबलं. ही सवय आगगाडीच्या चालकांकडून आलेली आहे. नुसतं पाहिलेलं डोळ्यातून निसटतं. बोट दाखवून, स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं निसटत नाही. प्रयोगांत यामुळे चुका पुष्कळ कमी झालेल्या दिसल्या आहेत. महिन्याभरात मी घराबाहेर पडताना गॅसच्या खटक्याकडे बोट करायला लागलो, ते आजतागायत करतो, आणि बायको अजून हसते.

अट अशी की ही सगळी अचूकता कोणाच्या तरी झोपेतून येते. जपानात घरी पार्सल दोन तासांच्या ठरलेल्या वेळेत येतं; घरी नसलात तर चिठ्ठी, मग फोन, मग त्याच दिवशी पुन्हा चक्कर, आणि या दुसऱ्या चकरेचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेत नाहीत. २०१७ मध्ये यामातो कंपनीने दुपारी बारा ते दोनची वेळ बंद केली, कारण चालकांना जेवायला फुरसत नव्हती. तोपर्यंत आम्ही परदेशी लोक त्या सेवेचं कौतुक घरच्यांना फोनवर ऐकवत होतो. चालक जेवतो कधी, हे कोणी विचारलं नव्हतं. एप्रिल २०२४ पासून तिथे मालवाहू चालकांच्या जादा कामाला वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली. मर्यादाच ९६० तासांची, म्हणजे आधीची परिस्थिती काय असेल ते ओळखावं.

मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा या भिवंडीजवळच्या आमच्या गावांत आता भातखाचरांच्या जागी गोदामं आहेत, आणि अर्ध्या मुंबईच्या ऑनलाइन खरेदीचा माल तिथून निघतो. त्यातल्या पुष्कळ गोदामांत जपानी पद्धतीच्या पाच सूत्रांचे फलक लावलेले असतात: निवडा, मांडा, झाडा, नियम करा, पाळा. फलकावर बोटभर धूळ. त्याखाली हमाल तीस किलोचं खोकं डोक्यावरून उतरवतो, कंत्राटदार बदलला की तोही बदलतो. जपानातल्या त्या पन्नाशीच्या गृहस्थाला आपली नोकरी पुढच्या महिन्यात असेल हे ठाऊक होतं. रिकाम्या चौकात ‘योशी’ म्हणायला एवढी खात्री लागते, असं मला वाटतं. नुसता फलक आणून काय होणार?

आता थोडं गरम पाण्याबद्दल, कारण त्यात मला सगळ्यात जास्त आनंद मिळाला. भिवंडी तालुक्याच्या माणसाला गरम पाण्याचे झरे नवे नाहीत. तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इथली कुंडं आमच्या लहानपणाचा भाग. देवीचं देऊळ चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयाचा नवस फेडण्यासाठी बांधलं, म्हणून सहलीत आधी इतिहास आणि मग आंघोळ. कुंडात चड्डीवर उतरायचं, गंधकाचा वास अंगाला दिवसभर, शेजारी कोणीतरी साबण लावून बनियन धुतोय, कोणी खरजेवर इलाज म्हणून गुडघ्यापर्यंत पाय बुडवून बसलाय, आणि काठावर वडापाव. जपानी ओनसेनमध्ये नेमका उलटा प्रकार. आधी लहान स्टुलावर बसून, साबणाने अंग रगडून, फेसाचा कणही राहणार नाही इतकं स्वच्छ व्हायचं आणि मगच कुंडात उतरायचं, तेही पूर्ण नागवं. हातरुमालाएवढा पंचा मिळतो, तो पाण्यात बुडवायचा नाही, म्हणून लोक डोक्यावर घडी करून ठेवतात. पहिल्या वेळी मी तो पंचा ज्या चिकाटीने समोर धरला होता ती पाहून शेजारचे आजोबा कौतुकाने हसले. ऑफिसात माझ्याशी तीन वर्षं हवापाण्यापलीकडे न बोललेला साहेब त्या पाण्यात बसून आपल्या आईच्या आजारपणाबद्दल बोलला. बाहेर आल्यावर कपडे चढले, टाय चढला, आणि पुन्हा हवापाणी.

गल्लीतली सार्वजनिक न्हाणीघरं, सेन्तो, मात्र मिटत चालली आहेत. १९६८ च्या सुमारास देशभर अठरा हजारांच्या आसपास होती, आता दोन हजारही उरलेली नाहीत. घरोघरी न्हाणीघर आलं आणि लोकांना एकमेकांची पाठ दिसेनाशी झाली. आमच्या इमारतीत एक म्हातारे गृहस्थ वारल्याचं चार दिवसांनी कळलं. त्यांचा कचरा दिसला नाही म्हणून त्या आजींना शंका आली होती.

ऑक्टोबर २०१९ मध्ये हागिबिस वादळ आलं. एदोगावाचा बहुतेक भाग भरतीच्या समुद्रपातळीखाली आहे, आणि पालिकेने त्याच वर्षी वाटलेल्या पुराच्या नकाशावर सरळ लिहिलं होतं की इथे थांबू नका, बाहेर निघा. इतकं खरं बोलणारी पालिका मी तोवर पाहिली नव्हती. चार लाखांहून अधिक लोकांना घर सोडायला सांगितलं गेलं. आम्ही शाळेच्या व्यायामशाळेत रात्र काढली; दाराशी शेकडो चपला, सगळ्यांची तोंडं बाहेरच्या दिशेला. नदी फुटली नाही. मला रात्रभर २६ जुलै २००५ चा भिवंडीतला पूर आठवत होता, कामवारी नदीचं पाणी, तीन बत्तीचा बाजार, आणि कोणीही काहीही न सांगितलेलं.

जपानमध्ये सर्वांत जास्त वेळ मी एकाच जागी उभा राहिलो असेन, तर ती नागोयातल्या टोयोटाच्या संग्रहालयात. जुन्या सूतगिरणीच्या लाल विटांच्या इमारतीत ते १९९४ मध्ये उघडलं. मोटारी दुसऱ्या दालनात; पहिलं दालन मागांचं. माझे वडील भिवंडीतल्या एका सायझिंगमध्ये, म्हणजे ताण्याला खळ लावण्याच्या कारखान्यात, हिशेब लिहीत, आमच्या घराची मागची भिंत कारखान्याची होती, खडखडाटात अभ्यास केलेला. त्यामुळे माग चालू झाला तेव्हा मला बाकीच्यांसारखे कान झाकावेसे वाटले नाहीत. तोयोदा साकिची यांचा १९२४ सालचा जी जातीचा स्वयंचलित माग. गाइड मुलीने हसत एक ताण्याचा धागा बोटाने तोडला. त्या धाग्याने तोललेली पातळ पट्टी खाली पडली आणि माग जागच्या जागी थांबला. तिने धागा जोडला, माग सुरू. कांडी संपत आली तर धोटा आपोआप बदलतो, माग थांबतही नाही. असे तीसेक माग एक माणूस सांभाळू शके. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले.

भिवंडीत तसं होत नाही. साध्या मागावर ताण्याचा धागा तुटला तरी माग पुढे चालतच राहतो. कारागिराची नजर पडली तर ठीक, नाहीतर ताग्यात रेघ उठते, तो माल ‘डॅमेज’, आणि मजुरी कापली जाते. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, चार-सहा मागांवर एक जोडी डोळे. जे काम तिथे लोखंडी पट्टी करते ते इथे आजमगढचा, मऊचा, तेलंगणातला माणूस डोळ्यांनी करतो, आणि पट्टीहून तो स्वस्त पडतो म्हणून पट्टी आलीच नाही. जपानला यातही पुण्यवान ठरवायचं कारण नाही. तिथल्या सूतगिरण्यांत खेड्यातल्या कोवळ्या मुलींना वसतिगृहात डांबून रात्रपाळ्या करवून घेत. बायकांची रात्रपाळी १९२९ मध्ये कायद्याने थांबली. त्याच स्वस्त कापडाने हिंदुस्थानचा बाजार भरला, तेव्हा १९३३ मध्ये इथल्या सरकारने बिगरब्रिटिश कापडावर ७५ टक्के जकात बसवली, आणि जपानने उलट इथला कापूस घेणं थांबवलं. मुंबईचा कापूस कोबेला नेणारी जहाजं १८९३ पासून चालू होती. जमशेटजी टाटांनी तो मार्ग उघडायला हातभार लावला होता.

परत आल्यावर वडिलांच्या ओळखीच्या एका मुकादमचाचांना मी मोबाइलवर तो थांबणारा माग दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला. त्यांच्या कारखान्यातले निम्मे माग तोवर किलोच्या भावाने भंगारात गेले होते. मी सांगितलं की ओकायामा प्रांतातल्या कोजिमा-इबारा भागात तोयोदाचे जुने धोट्याचे माग मुद्दाम जपून ठेवलेत, त्यावर हळू हळू डेनिम विणतात, कडेची किनार बंद असते, आणि त्या कापडाची एक पॅन्ट वीस-तीस हजार येनला जाते. एकेकाळी जपान सरकारनेच जादा माग विकत घेऊन फोडले होते, त्यातून वाचलेल्यांना आता हा भाव.

चाचांना येनमध्ये रस नव्हता. “पन्हा कितना?” त्यांनी विचारलं.

तीसेक इंच, मी म्हणालो.

“इतने छोटे पन्हे का माल यहाँ कौन उठाएगा?” चाचा म्हणाले, आणि मोबाइल परत देऊन सायझिंगवाल्याला बीम कधी पाठवतो म्हणून फोन लावला.